‘नाही’ हेही उत्तर असतं

भोरला खालाकडे गेलो की दुपारच्या जेवणानंतर ओसरीवर बैठक जमते. या वेळी मी मोबाईल काढला आणि तिला एक वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. ‘माझ्या कुटुंबातील सदस्य नियमित किंवा कायम कर्मचारी म्हणून सरकारी विभागात कार्यरत नाहीत किंवा सेवानिवृत्तीनंतर निवृत्तीवेतन घेत नाहीत.’ मधले उपक्रम, मंडळ, स्थानिक संस्था वगैरे शब्द मी गाळले. म्हटलं, खाला, सांगा, होय की नाही?

“नै,” खाला म्हणाली. एक क्षण थांबली नाही.

“नै म्हणजे काय?”

“अरे बेटा, नै मतलब नै! तुझ्या खालूंनी जिंदगीभर गॅरेजात पाने फिरवले. सरकारी नोकरी अपने घर में कुठून येणार?”

उत्तर पूर्ण खरं होतं. फॉर्मच्या हिशेबाने ते पूर्ण चूक. ‘कार्यरत नाहीत’ या विधानाला ‘नाही’ म्हटलं की यंत्र समजतं, विधान खोटं आहे, म्हणजे घरात सरकारी नोकर आहे. शेजारचे निवृत्त मास्तर ऐकत होते. तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. ते म्हणाले, “माझं उत्तर होय. मला पेन्शन आहे ना.” म्हणजे फॉर्मच्या लेखी गॅरेजवाल्याचं घर सरकारी झालं आणि पेन्शनवाल्या मास्तरांचं घर गरजू ठरलं. संध्याकाळी हेच वाक्य मी पुण्यातल्या एका इंजिनिअर मित्राला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, “परत वाच.” मग म्हणाला, “अजून एकदा.” तिसऱ्यांदा वाचल्यावर उत्तर बरोबर दिलं, पण आवाजात खात्री नव्हती.

खालाचं वय पासष्टच्या पुढे आहे, तेव्हा ही योजना तिच्यासाठी नाहीच. मला नुसतं ऐकायचं होतं की हे वाक्य कानावर पडल्यावर माणूस काय म्हणतो.

वाक्य कुठलं ते बहुतेकांनी ओळखलं असेल. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या शेवटी जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या बायकांना महिना १,५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने सगळ्या लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची केली, मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. आधार, ओटीपी, मग नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार, त्यांचा ओटीपी, आणि शेवटी दोन विधानं. प्रत्येकासमोर होय किंवा नाही. जानेवारी २०२६ मध्ये खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर केलं की ई-केवायसी करताना चुकीचा पर्याय निवडला गेलेल्या बहिणींची अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी होईल.

‘चुकीचा पर्याय निवडला गेला.’ माझं भांडण या शब्दांशी आहे.

कारण यातून चूक कुणाची हे ठरून जातं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू होतं, फुकटचे पैसे घेतात आणि साधं होय-नाही कळत नाही. शिकलेली, नोकरी करणारी, पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी माणसं हे लिहीत होती. त्यांतल्या दोघांना मी वरचं वाक्य पाठवलं. एकाने चुकीचं उत्तर दिलं. दुसऱ्याने दिलंच नाही. त्याचं काय करायचं, याकडे पुढे येतो.

आधी भाषा बघू. मराठीत ‘नाही’ हा नुसता नकाराचा शब्द नाही. ते क्रियापद आहे. आहे, आहेत, नाही, नाहीत. “घरात साखर नाही का?” असं विचारलं तर आपण म्हणतो, “नाही.” म्हणजे साखर नाही. समोरच्याचं क्रियापद आपण परत करतो. “होय, नाही” असं म्हणणारेही आहेत, तेही चूक नाहीत. दोन्ही रिवाज आपल्या बोलण्यात शेजारी शेजारी नांदतात, आणि समोरासमोर गोंधळ होत नाही कारण पुढे अर्धं वाक्य आपोआप येतं, मान हलते, हात हलतो. आमच्या घरातल्या दख्खनीतही तसंच. “खाना नै खाया?” “नै.” बस्स. फॉर्मला मान दिसत नाही, आणि पुढचं अर्धं वाक्य लिहायला त्याने जागा ठेवलेली नाही. ज्या बाईने ‘कार्यरत नाहीत’ पुढे ‘नाही’ दाबलं, तिने तिची मातृभाषा बरोबर वापरली.

आता तर्क. या वाक्यात ‘कार्यरत नाहीत किंवा निवृत्तीवेतन घेत नाहीत’ असं आहे. किंवा! ऑगस्टस डी मॉर्गन नावाच्या गणितज्ञाचा नियम अकरावी-बारावीत शिकवतात (गडी आपल्या मदुराईत जन्मलेला, १८०६ साली). ‘अ किंवा ब यांतलं काही’ नाकारायचं असेल तर ‘अ नाही आणि ब नाही’ म्हणावं लागतं. ‘अ नाही किंवा ब नाही’ म्हटलं तर दोन्हींपैकी एक नसलं तरी भागतं. शेजारचे मास्तर आज नोकरीत नाहीत, म्हणजे वाक्याचा पहिला तुकडा खरा, म्हणजे अख्खं वाक्य खरं. जो आज सरकारी नोकरीत आहे तो पेन्शन घेत नाही, म्हणून त्याच्यासाठी दुसरा तुकडा खरा. काटेकोर वाचलं तर राज्यातलं जवळपास प्रत्येक घर या विधानाला प्रामाणिकपणे ‘होय’ म्हणू शकतं. म्हणजे बोलीच्या अंगाने वाचणारी बाई अपात्र ठरते आणि तर्काच्या अंगाने वाचणारा कलेक्टरसुद्धा पात्र ठरतो. असा प्रश्न लिहायला मेहनत घ्यावी लागते म्हणतात, पण इथे ती कुणी घेतलेली नाही. २०२४ च्या अर्जाला जोडलेल्या हमीपत्रातलं वाक्य उचललं आणि त्याला दोन बटणं लावली, इतकंच झालं.

आणि इथेच खरी चूक आहे. ती मला लगेच दिसली, कारण मी तीच चूक केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा प्रवेश अर्ज बनवायचं काम माझ्याकडे होतं. रूबी ऑन रेल्समध्ये. त्यात एक प्रश्न होता, वसतिगृह हवं आहे का? होय किंवा नाही. कुणी प्रश्न मोकळा सोडू नये म्हणून मी त्या रकान्याला ‘प्रेझेन्स’ची अट लावली. म्हणजे हजेरी. काहीतरी भरलेलं असलं पाहिजे, एवढंच. पहिल्या दोन दिवसांत आलेल्या सगळ्या मुलांना वसतिगृह हवं होतं. पुण्यातच राहणाऱ्यांनाही. मला वाटलं, काय लोकप्रिय वसतिगृह आहे! तिसऱ्या दिवशी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. साहेब, ‘नाही’ दाबलं की फॉर्म म्हणतो, ही माहिती भरा. भरलीय की. शेवटी कंटाळून ‘होय’ केलं.

झालं होतं असं की रेल्सच्या लेखी ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’, हे रिकामं समजलं जातं. हजेरीची अट रिकाम्याला अडवते, म्हणून ती ‘नाही’लाही अडवते. वर्गात गुरुजींनी विचारलं, गृहपाठ केला का? पोरगं उभं राहून म्हणालं, नाही. गुरुजींनी त्याची गैरहजेरी मांडली. तसं. यावरचा उपाय त्यांच्याच मार्गदर्शिकेत आहे. होय-नाहीच्या रकान्याला हजेरी लावू नका, उत्तर ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन किमतींपैकी एक आहे का तेवढं तपासा. मी ती ओळ वाचली नव्हती. ही चूक माझी, आणि ती मी कबूल करतो. पण अटीचं नाव ‘हजेरी’ आणि ‘नाही’ म्हणणारा गैरहजर, हे मूळ नावच माणसाला खड्ड्यात घालणारं आहे, आणि खड्ड्याची पाटी खड्ड्याच्या पलीकडे लावलेली आहे, हेही मी म्हणणार. पायथनवाल्यांच्या जँगोत याहून वेगळी गंमत. तिथे होय-नाहीचा साधा रकाना मांडला तर तो मुळातच ‘होय’ मागतो. ‘नाही’ चालवून घ्यायचं असेल तर ‘सक्तीचा नाही’ असं वेगळं सांगावं लागतं. ते तरी त्यांनी ठळकपणे लिहून ठेवलंय. आणि वेबपानावरचा साधा टिकचा चौकोन? टिक केली नाही तर तो सर्व्हरकडे काहीच पाठवत नाही. ‘नाही’ म्हणालेला आणि प्रश्न न वाचलेला, दोघे पलीकडे सारखेच पोचतात.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर ज्याने उत्तरच दिलं नाही, तो मित्र आठवा. त्याचं ‘होय’ धरायचं की ‘नाही’?

होय-नाहीच्या रकान्यात मुळात तीन गोष्टी असतात. होय, नाही आणि अजून सांगितलेलं नाही. ही तिसरी गोष्ट आम्हा मुसलमानांना नवी वाटू नये. निकाहाच्या वेळी मुलीकडे परवानगी मागायला जातात, तेव्हा तिची खामोशी कशी वाचायची यावर फिकहमध्ये बारकाईने विचार झालेला आहे. हदीसमध्ये आहे की कुंवारीची खामोशी ही तिची परवानगी, पण जिचा आधी निकाह झालेला आहे, विधवा किंवा तलाकशुदा, तिने तोंडाने सांगितलं पाहिजे. कुणाची खामोशी कशी धरायची हे प्रश्न विचारण्याआधी ठरवलं होतं, आणि सगळ्यांना एकच माप लावलं नव्हतं. (आमच्या हॉलमध्ये आज त्याचं काय होतं, मामी मुलीची मान खाली दाबते आणि वकीलसाहेब “हो गया, हो गया” करत उठतात, हा वेगळा लेख आहे आणि मी तो लिहिणार आहे.) कबुलीचा शब्दही बघा. ‘कबूल है’. क्रियेसकट अख्खं उत्तर. ‘नाकबूल तर नाही ना?’ असं कुठला काझी विचारतो?

कबूल करणं आणि उत्तर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हमीपत्र हे कबुलीचं काम. ‘मी घोषित करते की...’ तिथे फक्त सही चालते. सही नसेल तर अर्ज पुढे जात नाही, ‘नाही’ला तिथे जागाच नाही. प्रश्न हे उत्तराचं काम. तिथे ‘नाही’ला ‘होय’इतकाच मान पाहिजे. रेल्समध्येसुद्धा या दोन कामांना दोन वेगळ्या अटी आहेत. लाडक्या बहिणीच्या फॉर्ममध्ये हमीपत्राच्या अंगावर प्रश्नाचे कपडे चढवले. बाईला वाटलं प्रश्न विचारतायत, तिने उत्तर दिलं. पलीकडे ती हमी नाकारल्याची नोंद झाली.

दुसरं विधान याहून मजेशीर आहे. कुटुंबातील केवळ १ विवाहित आणि १ अविवाहित महिला लाभ घेत आहे. होय की नाही? घरात एक सून लाभ घेते आणि अविवाहित मुलगी नाहीच, तर? ‘केवळ’ म्हणजे ‘जास्तीत जास्त’ की ‘नेमकी’? दोन अटी एका ‘आणि’ने बांधायच्या, वर ‘केवळ’ची गाठ मारायची आणि खाली दोन बटणं.

त्यात ‘कुटुंब’. शासन निर्णयात कुटुंबाची व्याख्या दिलेली आहे. पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. व्याख्या स्वच्छ आहे, पण ती शासन निर्णयाच्या पीडीएफमध्ये, आणि प्रश्न मोबाईलच्या पडद्यावर. वेल्ह्यात (कागदोपत्री तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, लोक अजून वेल्हंच म्हणतात) पासली, केळदच्या बाजूला गेलात तर एका छपराखाली तीन भाऊ, तीन सुना, म्हातारा-म्हातारी, एक रेशनकार्ड. तिथल्या बाईला ‘कुटुंब’ म्हटलं की तेरा माणसं दिसतात. सासरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त असेल तर ती प्रामाणिकपणे विचारात पडते. खरं तर सासऱ्याचं पेन्शन तिच्या ‘कुटुंबा’त येतच नाही. दीर ग्रामपंचायतीत कंत्राटी असेल, तर तोही नाही. किंबहुना नवरा स्वतः कंत्राटी असला आणि उत्पन्न मर्यादेत असलं तरी ती पात्रच आहे, असं २०२४ च्याच निर्णयात लिहिलंय. हे तिला त्या पडद्यावर कोण सांगणार? भोरच्या स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पोरगं बसलंय, मागे वीस बाया, रेंज येते-जाते, ओटीपी दहा मिनिटांत मरतो. ते पोरगं प्रश्न वाचतच नाही, अंदाजाने दाबतं. त्याला मी दोष देणार नाही. कुणी वाचून दाखवला असता तरी काय झालं असतं ते खालाच्या ओसरीवर मी बघितलंय.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो परित्यक्तांच्या बाबतीत. योजनेच्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार असे शब्द आहेत. टाकून दिलेल्या बाईचा त्यात नाव घेऊन विचार केला, चांगलं केलं. मग ई-केवायसीने तिच्याकडे नवऱ्याचा ओटीपी मागितला. जो सहा वर्षांपूर्वी सोडून गेला त्याचा! ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये सांगण्यात आलं की पती किंवा वडील हयात नसतील, किंवा घटस्फोट झाला असेल, तर मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्या. विधवेकडे दाखला असतो. परित्यक्तेकडे काय असतं? सोडून जाणारा पावती देऊन जात नाही. आमच्यातल्या बायकांचं आणखी एक. एका दमात तीनदा तलाक म्हणणं २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आणि गुन्हाही आहे, ते योग्यच झालं. पण तशा तोंडी तलाकने माहेरी आलेली बाई कागदावर अजून विवाहित, घरात तलाकशुदा आणि फॉर्ममध्ये कुठेच नाही. तिला विचारलं, विवाहित आहात? होय की नाही? तिचं खरं उत्तर दोन्ही बटणांच्या मधे कुठेतरी आहे.

आमच्या मोहल्ल्यात यावर एक तयार स्पष्टीकरण फिरत होतं. हे सगळं अपने नाम काटने के लिए है. मी ते तिथेही खोडलं, इथेही खोडतो. या वाक्याने मोहल्ल्यातल्या बाईला जसं फसवलं तसंच वेळवंड खोऱ्यातल्या मराठा बाईला आणि धनगरवाड्यावरच्या बाईला. फॉर्म आडनाव वाचून अडत नव्हता. पण ही शंका का येते, तेही समजून घ्या. आसामच्या नागरिक नोंदणीतून ३१ ऑगस्ट २०१९ ला १९ लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली, त्यात हिंदू होते, मुसलमान होते, आणि नावाच्या स्पेलिंगमधला फरक, वयातला फरक यांवरून माणसं धावपळ करताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितली. ज्याने ते बघितलंय त्याला सरकारी पडद्यावरची चूक ही नुसती चूक वाटत नाही. म्हणून निष्काळजीपणा हा छोटा गुन्हा आहे असं मी मानत नाही.

“एवढं काय त्यात, वाक्य थोडं किचकट झालं,” असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. ब्रिटनने युरोपीय संघात राहावं का, यावर २०१६ साली मतदान झालं. आधी ठरलेला प्रश्न होय-नाहीचा होता. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथल्या निवडणूक आयोगाने लोकांकडून तपासून घेतल्यावर सांगितलं, होय-नाही काढा. उत्तरं अख्खी लिहा, राहावं आणि सोडावं. तो प्रश्न तर नकारार्थीसुद्धा नव्हता. तरी बदलला. इथे लाखो बायकांच्या चुलीचा प्रश्न आहे, आणि छापण्याआधी तो दहा बायकांना वाचून दाखवावा असं कुणाला वाटलं नाही. वेल्ह्याच्या एसटी थांब्यावर अर्धा तास उभं राहिलं असतं तरी कळलं असतं.

आणि त्याची भरपाई कोण करतंय? अंगणवाडी सेविका. मानधनावर काम करणारी बाई पोषण आहार, वजनं, लसीकरण सांभाळून तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवर घरोघर विचारत जाणार, बाई, तुमच्या घरात सरकारी नोकर आहे का? म्हणजे जो प्रश्न पडद्यावर सरळ विचारता आला असता, तोच आता चालत जाऊन सरळ विचारायचा.

मी खालाच्या ओसरीवर तो पुन्हा लिहून बघितला. तुम्ही, तुमचे पती किंवा तुमची अविवाहित मुलं यांपैकी कुणी सरकारी खात्यात कायम नोकरीला आहे का? खाली दोन बटणं. ‘आहे’ आणि ‘कुणीही नाही’. मग वेगळा प्रश्न, यांपैकी कुणाला सरकारी पेन्शन मिळतं का? ‘मिळतं’, ‘मिळत नाही’. आधीपासून कुठलंही बटण दाबलेलं नको. आणि ‘आहे’ दाबलं तर पुढे एक ओळ, “तुमच्या घरात कायम सरकारी नोकर आहे असं तुम्ही सांगत आहात. बरोबर आहे का, की बदलायचं आहे?” खालाने दोन्ही उत्तरं बरोबर दिली. मास्तरांनीही दिली, आणि म्हणाले, पेन्शनचं म्हणशील तर मिळतं बाबा, लपवायचं काय त्यात.

एक किंवा दोन बायकांच्या त्या दुसऱ्या विधानावर मात्र आम्ही अडकलो. मी तीन वेळा लिहिलं, खालाने तिन्ही वेळा “किसकी बहू?” असं विचारलं. चौथा प्रयत्न चालू आहे.